पूर्ववत

गेल्या मे महिन्यात चार दिवसांची रजा टाकून कमलनगरला जाऊन आलो. "हे कमलनगर कुठे आले?" असे आमच्या कचेरीत तिघांनी विचारले आणि तिघांनाही मी वेगवेगळे उत्तर दिले. एकाला सांगितले बिदरजवळ, दुसऱ्याला सांगितले उदगीरच्या अलीकडे, तिसऱ्याला सांगितले कर्नाटकाच्या अगदी वरच्या टोकाला. तिन्ही उत्तरे खरी आहेत. बिदरहून आगगाडी निघाली की भालकी, मग कमलनगर आणि पुढचे मोठे स्टेशन उदगीर. कमलनगर कर्नाटकात, उदगीर महाराष्ट्रात. सदाशिवरावभाऊंनी १७६० साली निजामाला जिथे हरवले तेच हे उदगीर. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच बिदर जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, जिल्हा फाटला आणि एकाच गोतावळ्यातली माणसे दोन राज्यांची झाली. पूर्वी औराद तालुक्यात असलेले कमलनगर आता स्वतःच तालुक्याचे गाव आहे. २०१७ साली कर्नाटकाने जे नवे तालुके जाहीर केले त्यांतला हा एक.

माझी मावसबहीण तिथे दिली आहे. भावजी पूर्वी वास्कोला एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होते, तेव्हा हे लग्न जमले. पुढे वडिलांची जमीन बघायला ते गावी परतले ते कायमचेच. आता शेती सांभाळून उरलेल्या वेळात लोकांचे अर्ज लिहून देतात. घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक संगणक, एक छपाईयंत्र. सकाळी सातपासून पायरीवर माणसे बसलेली. कुणाचे वारसाचे, कुणाचे पीकविम्याचे, कुणाचे पेन्शनचे. बोलणे मराठीत, मधूनच कन्नड, मधूनच दखनी. "पाव्हणं, तुमचा चहा झाला का?" हे मराठीत विचारून होईपर्यंत शेजारच्या माणसाला ते कन्नडात काहीतरी समजावून सांगत असतात.

भावजींनी एकदा मला घरची कागदपत्रे दाखवली. आजोबांचा कागद उर्दूत, कारण निजामाच्या दरबाराची भाषा ती. वडिलांच्या काळातली मराठीतली पत्रे आणि पावत्या. आणि आजची पहाणी, म्हणजे आपल्याकडचा एक-चौदाचा उतारा किंवा महाराष्ट्रातला सातबारा म्हणा, ती कन्नडात. २००० नंतर कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पाखाली पहाण्या संगणकावर नेल्या आणि हाताने लिहिलेला उतारा हळूहळू हद्दपार झाला. जमीन तीच, विहीर तीच, बांधावरचे लिंबाचे झाडही तेच. नाव मात्र तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेले. आम्हा गोवेकरांना हे नवल नाही. आपल्या घरोघरच्या ट्रंकांत पोर्तुगीज कागद असतातच. फरक एवढाच की आपण ते जुने म्हणून बाजूला ठेवतो आणि भावजींच्या पायरीवरच्या माणसांचे आजचे काम त्या तीन नावांच्या फरकावर अडलेले असते. आधारवर एक, पहाणीवर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे.

आता मूळ विषयाकडे येतो. माझा भाचा संगणकाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात आहे. तोवर त्याने बापासाठी एक छोटासा प्रोग्राम लिहायला घेतला आहे. अर्ज लिहायचा, मराठीत लिहिलेले नाव कन्नड लिपीत करून घ्यायचे, जुन्या अर्जावरून नवा अर्ज तयार करायचा, बस्स एवढेच. इंटरनेट नसले तरी चालावा म्हणून तो संगणकातच बसवायचा. मी पोचलो त्या संध्याकाळी पोरगा पडद्याला डोळे लावून बसला होता. "काय करलालास रे, मामा आले की!" असे भावजी ओरडले तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"मामा, एडिट मेनू करलालोय. आठ दिवस झाले."

मला हसू आले. एडिट मेनू! कट, कॉपी, पेस्ट, अनडू. वीस वर्षे कचेरीत मी दुसरे केले काय? या चार गोष्टी कुणाला तरी बनवाव्या लागत असतील हे मात्र माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. नळाला पाणी येते तशा त्या येतात असेच मी धरून चाललो होतो.

त्या रात्री जेवणानंतर अंगणात खाटेवर बसून भाच्याने मला जे सांगितले ते मला इतके आवडले की इथे लिहून ठेवतो. मी कला शाखेचा माणूस, तेव्हा ते माझ्या भाषेत येईल.

कापणे आणि चिकटवणे हे शब्द उगीच आलेले नाहीत. पूर्वी संपादक लोक खरोखरच टाइप केलेला कागद कात्रीने कापत, परिच्छेद खालीवर करत आणि गोंदाने चिकटवत. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीची 'पार्क' नावाची संशोधनशाळा होती. तिथे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७४-७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाचा लिहिण्याचा प्रोग्राम केला. तो पाठ्यपुस्तके छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांसाठी होता. त्या लोकांना यंत्राची भाषा शिकवण्यापेक्षा त्यांचीच कात्री आणि त्यांचाच गोंद यंत्रात आणू, असा विचार या दोघांनी केला. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले आणि १९८३ च्या 'लिसा' व १९८४ च्या 'मॅकिंटॉश' या संगणकांतून हे सगळे जगभर गेले. झेड, एक्स, सी, व्ही ही चार अक्षरे कळफलकाच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, डाव्या हाताच्या बोटांना सहज सापडतात. टेस्लर २०२० साली वारले. त्या दिवशीही मी कचेरीत शेकडो वेळा कंट्रोल-सी दाबले असणार. नाव माहीत नव्हते.

हे ऐकताना मला कॉलेजातले आमचे भित्तिपत्रक आठवले. कात्री, खळीची वाटी, चुकून उलटी चिकटलेली कविता आणि ती सोडवताना फाटलेला कागद. खळ वाळली की मागे येता येत नसे.

आता पहिला प्रश्न शब्दांचा. मेनूवर लिहायचे काय? मराठीकरण केलेल्या प्रोग्रामांत 'कापा', 'चिकटवा' असे शब्द दिसतात. भारतीय भाषांत हे रोजचे शब्द सगळीकडे सारखे असावेत म्हणून २००८ साली 'फ्युएल' नावाचा प्रकल्पही सुरू झाला होता. भाच्याने 'कॉपी'साठी 'प्रत' लिहिले होते. भावजी म्हणाले, "नक्कल लिही. पायरीवरच्या माणसाला नक्कल कळते." मला ते एकदम पटले. आम्हा कारकुनांचा शब्द तोच. 'अस्सलबरहुकूम नक्कल' असे लिहून खाली सही ठोकली की कागदाला जीव येतो! 'अनडू'ला भाच्याने 'पूर्ववत' लिहिले होते. ताई आतून म्हणाली, "'मागं घे' लिही की. पूर्ववत कशाला?" यावर बराच वाद झाला. तो शेवटी मिटला नाही, पण पूर्ववत हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. असो.

कापणे म्हणजे नक्कल करणे अधिक पुसणे, एवढेच. पण भाचा म्हणाला, त्याआधी दहा गोष्टी बघाव्या लागतात. काही निवडलेच नसेल तर 'कापा' हा शब्द मेनूत फिकट दिसला पाहिजे, दाबला तरी चालता कामा नये. ठेवणीत काही नसेल तर 'चिकटवा' फिकट. माणूस नावाच्या चौकटीत आहे की पत्त्याच्या, हे ओळखून त्याच चौकटीत काम झाले पाहिजे. आणि ती जी ठेवण, ज्याला क्लिपबोर्ड म्हणतात, ती सगळ्या प्रोग्रामांची सामाईक असते. तिथे एकच मजकूर एकाच वेळी चारपाच रूपांत ठेवता येतो. साधा मजकूर, ठळक-तिरप्यासकट मजकूर, वेबपानाचा मजकूर. घेणाऱ्याने आपल्याला कळेल ते रूप उचलायचे. देवळातल्या प्रसादासारखे आहे हे. ताटात सगळे असते, ज्याला जे पथ्य तो ते घेतो.

मराठीत मात्र हे पथ्य फार दिवस सांभाळावे लागले. जुन्या काळच्या आपल्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट असेपर्यंत ते मराठी, फॉन्ट गेला की उलटीसुलटी चिन्हे. तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की ठेवणीतून फक्त आकडे जात, फॉन्ट मागेच राही. माझ्या पिढीच्या कारकुनांनी या गोष्टीपायी किती परिपत्रके पुन्हा टाइप केली त्याची गणती नाही. युनिकोड आल्यावर प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला आणि हा त्रास संपला. पण दुसरा सुरू झाला. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाच्या लेखी ती सहा चिन्हे आहेत. स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. भाच्याने शोधलेला शब्द आपोआप निवडण्याची सोय केली होती, तिथे त्याची मोजणी चुकली आणि कापताना 'स्त्री' मधूनच कापली गेली. ईकार एकटाच उरला, टिंबांच्या वर्तुळावर लोंबकळत. भाच्याने ते दाखवले तेव्हा ताई म्हणाली, "बघा, तिथंही बाईचीच कापाकापी." त्यावर कुणी काही बोलले नाही.

मग त्याने मला त्याची खरी गंमत दाखवली. मेनूत 'चिकटवा'च्या खाली आणखी एक ओळ होती. 'कन्नड लिपीत चिकटवा'. आपले मराठी नाव उचलायचे, ही ओळ दाबायची, नाव कन्नड लिपीत उमटते. मला वाटले आत मोठा शब्दकोश असणार. भाचा हसला. म्हणाला, "मामा, आत फक्त बेरीज आहे. आठशे शहाण्णव."

प्रकार असा. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात 'इस्की' नावाचे प्रमाण ठरले होते. त्यात मराठीतल्या क-ला आणि कन्नडमधल्या क-ला एकच क्रमांक. लिपी बदला, पाट्या बदलतात, आतला आकडा तोच. युनिकोडने त्या आराखड्यावरूनच या लिप्यांचे तक्ते मांडले. प्रत्येकीला वेगळी जागा दिली, पण आतली मांडणी सारखी ठेवली. देवनागरी क-चा क्रमांक २३२५, कन्नड क-चा ३२२१. ख, ग, घ, सगळ्यांत तेवढेच अंतर. ८९६ मिळवले की मराठी अक्षर कन्नड होते. खाटेवर पडून आकाशाकडे बघत मी हे ऐकत होतो. सीमाप्रश्नावर आयोग बसले, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इकडे दोन लिप्यांमधले अंतर म्हणजे एका शाळकरी पोराची बेरीज! भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू निजामाच्या काळात दारावर उर्दूची पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकवीत, असे या भागात सगळे सांगतात. पाटी एक आणि आत दुसरे, हे इथल्या मातीला नवे नाही.

पण लगेच भाच्याने मला जमिनीवर आणले. त्याने 'डॉक्टर' हा शब्द चिकटवला. ड-पुढे एक रिकामी चौकट आली. आपला 'ऑ' कन्नडच्या तक्त्यात नाहीच. बेरीज केली की तिथे रिकामी जागा लागते. आणि उलट बाजूने कन्नडात ऱ्हस्व ए आहे, जो आपण लिहीत नाही. कन्नडातले 'रेड्डी' हे नाव वजाबाकी करून देवनागरीत आणले तर त्या ए-चे भलतेच चिन्ह उमटते आणि शेवटची ड्डी ऱ्हस्व होऊन येते. त्या माणसाला ते आपले नाव वाटणार नाही आणि बँकेला तर नाहीच नाही.

"म्हणजे मामा," भाचा म्हणाला, "पुढे जायला बेरीज चालते. मागे यायला वजाबाकी चालत नाही. मागे यायचं तर आधी काय होतं ते जपून ठेवावं लागतं."

आठ दिवस तो इथेच अडला होता. पूर्ववत!

विंडोजमध्ये लिहिण्याची जी साधी तयार चौकट मिळते तिला एकच पायरी मागे जाता येते. दुसऱ्यांदा कंट्रोल-झेड दाबला तर मागे घेतलेलेच पुन्हा पुढे येते. नोटपॅड कित्येक वर्षे असेच होते. विंडोज ११ मधल्या नव्या नोटपॅडमध्ये कुठे अनेक पायऱ्या आल्या. भाच्याला ते नको होते, म्हणून त्याने स्वतःची व्यवस्था केली. प्रत्येक बदलाची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कुठे बदल झाला, काय गेले, काय आले. चिठ्ठ्या एकावर एक रचायच्या. 'पूर्ववत' म्हटले की सगळ्यात वरची चिठ्ठी उचलायची, आलेले काढायचे, गेलेले परत ठेवायचे आणि ती चिठ्ठी शेजारच्या दुसऱ्या चळतीवर ठेवायची. 'पुन्हा करा' म्हटले की तिथून उचलून उलट. मात्र मागे गेल्यावर माणसाने काही नवे लिहिले तर दुसरी चळत फेकून द्यायची, कारण ती वाट आता राहिली नाही. कीबोर्डाच्या प्रत्येक टिचकीला एक चिठ्ठी केली तर एक शब्द मागे घ्यायला दहा वेळा दाबावे लागते, म्हणून सलग लिहिलेले एका चिठ्ठीत घालायचे. १९९४ साली चार लेखकांनी मिळून लिहिलेले प्रोग्रामच्या रचनांचे एक पुस्तक आहे, 'डिझाइन पॅटर्न्स' नावाचे. त्यात असाच लिहिण्याचा प्रोग्राम उदाहरणाला घेतला आहे आणि हीच युक्ती 'कमांड' या नावाने सांगितली आहे.

मी म्हटले, "अरे, हे तर आमचे रजिस्टर!"

खरेच. कचेरीत पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले होते की नोंदवहीत चूक झाली तर खरडायचे नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एक आडवी रेघ, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, वर बरोबर मजकूर, बाजूला सही आणि तारीख. फेरफाराची नोंदही तशीच. जुने नाव पुसत नाहीत, ते कुठल्या नोंदीने गेले आणि त्याजागी कोण आले हे लिहून ठेवतात. काय गेले, काय आले, कुठे. भाच्याच्या चिठ्ठीत फक्त एक गोष्ट नव्हती, जी आमच्या रजिस्टरात असते. कुणी.

हे बोललो आणि मला गप्प व्हायला झाले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका कार्यालयात टेबलावर होतो. दिवसाला वीसपंचवीस कागद निघत, आणि प्रत्येक कागद आधीच्या कागदावरूनच निघे. जुनी फाईल उघडायची, नाव बदलायचे, तारीख बदलायची, छापायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आदेशात मी नाव बदलले, तारीख बदलली, पण सर्व्हे नंबर बदलायचा राहिला. तो आधीच्या माणसाचाच तसाच खाली गेला. साहेबांनी सही केली, शिक्का बसला. म्हातारा तो कागद घेऊन कर्ज काढायला गेला. घराचे छप्पर करायचे होते, पावसाच्या आत. त्याला परत पाठवले. तो माझ्याकडे आला. मी कागद बघितला आणि मला एका क्षणात कळले काय झाले ते.

त्याला मी म्हटले, "कॉम्प्युटरची चूक आहे."

शुद्धिपत्र काढले. अमुकच्या ऐवजी तमुक वाचावे. कारकुनाचे पूर्ववत ते हेच. पण शुद्धिपत्राला टिपणी लागते, टिपणीला सही लागते, सहीला साहेब जागेवर लागतो. साहेब रजेवर गेले, मग बदलून गेले. शुद्धिपत्र त्याच्या हातात पडले तेव्हा पावसाळा येऊन गेला होता. मागच्या बाजूचे छप्पर त्या पावसात बसले. माणसांना काही झाले नाही. एक म्हैस दगावली. हे त्याने मला सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे. कागद घेताना, पावसाबद्दल बोलतात तसे सांगितले. आणि जाताना म्हणाला, मशीन काय, तिला कुठे कळते!

मी मान हलवली.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. त्या रात्री खाटेवर बसून भाच्याला सांगितले. भावजी शेजारी पडले होते, झोपले आहेत असे मला वाटले होते. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग एकदम त्याने प्रोग्रामवाल्यांचा प्रश्न विचारला. "मामा, जुन्या फाईलवरून नवी केली तेव्हा तुम्हाला कळलं कसं असतं, कुठलं बदललंय आणि कुठलं राहिलंय?"

"कळत नाही. सगळं सारखंच दिसतं. तेच तर!"

अंधारातून भावजींचा आवाज आला. "आमच्याबी अर्जांत झालंय तसं. दोनदा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने मला बोलावले. मेनूत 'जुन्यावरून नवा' अशी ओळ आली होती. ती दाबली की जुना अर्ज उघडतो, पण त्यातली नावे, गाव, सर्व्हे नंबर, तारखा आणि रकमा सगळ्या पिवळ्या होऊन येतात. माणूस एकेकीवर जाऊन ती बदलेल, किंवा आहे तीच ठीक आहे म्हणून होकाराची कळ दाबेल, तेव्हाच पिवळा रंग जाईल. एकही पिवळे शिल्लक असेल तर 'छापा' हा शब्द फिकट राहील. यासाठी त्याला फार काही नवे करावे लागले नाही. चिठ्ठ्यांची चळत होतीच. ज्या जागेवर एकही चिठ्ठी नाही ती जागा कुणी हात न लावलेली, एवढे ओळखता आले.

भावजींनी त्यावर पहिला अर्ज केला तो एका विधवा बाईच्या पेन्शनचा. एकेक पिवळे घर विझवताना ते मोठ्याने वाचत होते आणि पायरीवर बसलेली ती बाई प्रत्येकाला "हं" म्हणत होती. गावाच्या नावाशी ती थांबली. म्हणाली, "ते माहेरचं गाव हाय. माझं न्हाई. माझ्याआधी जिचा केला तिचं असंल." सगळे हसले. मला हसता आले नाही.

परत आल्यावर तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी स्कूटर काढली आणि त्या म्हाताऱ्याच्या गावाला गेलो. घर विचारत विचारत सापडले. पुढे जुनी नळ्याची कौले, मागच्या बाजूला पत्रे. माणूस व्हरांड्यात सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याने मला ओळखले नाही. मी कोण ते सांगितले, कुठला कागद ते सांगितले. मग सांगितले की ती मशीन नव्हती, मी होतो. नंबर माझ्याकडून राहिला होता.

त्याने हातातली सुपारी पुरी सोलली. ती टोपलीत टाकली. मग म्हणाला, "तेन्नाच सांगपाक जाय आशिल्लें."

"हय," मी म्हटले.

दुसरे काही मला सुचले नाही आणि त्यालाही. आतून सुनेने चहा आणला. त्याने विचारले, घर कुठे, मुले किती. मी सांगितले. उठताना पत्र्यांकडे बघितले. काही बोलायला गेलो तर तोच म्हणाला, आता गळत नाही, पण पावसात आवाज फार होतो, रात्री झोप लागत नाही.

सोमवारी कचेरीत गेलो. आमच्याकडे भाच्याचा प्रोग्राम नाही आणि असणारही नाही. मी टेबलाच्या खणातून एक पिवळी पेन्सिल काढली आणि आधीच्या आदेशाची छापील प्रत समोर ठेवून नाव, गाव, नंबर, तारीख, रक्कम अशा पाच जागांखाली रेघा ओढल्या. मग नवा कागद लिहायला घेतला.